दिवा लागला आहे, म्हणजे काय?



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे विजेच्या इतिहासावर बोलायला याला कशाला बोलावलं, असं काहींना वाटलं असेल. मलाही वाटलं. पण वीजशास्त्रातले दोन शब्द आमच्याच गल्लीतले आहेत: स्थैर्य आणि सुरक्षितता.

वीज जितकी वापरली जाते, तितकीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल सांगणारा आकडा म्हणजे फ्रिक्वेन्सी, आपल्याकडे ५० हर्ट्‌झ. मागणी जास्त झाली की तो घसरतो, कमी झाली की चढतो. धक्का बसल्यावर तोल पुन्हा सावरला, तर व्यवस्था स्थिर. सुरक्षिततेचा प्रश्न निराळा. आत्ता सगळं ठीक आहे, पण एखादी वाहिनी अचानक गेली तर? म्हणजे बघा, हे न घडलेल्या गोष्टीबद्दलचं विधान आहे. या सभागृहात दिवे लागलेत, यावरून व्यवस्था सुरक्षित आहे हे सिद्ध होत नाही.

३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीनही कोसळली. देशातला साठ कोटींच्या वर लोकवस्तीचा भाग बंद. आपण मराठवाड्यात त्या दुपारी वाचलो, नेहमीचं भारनियमन वगळता. (हशा)

काय झालं होतं? पश्चिमेकडे वीज शिल्लक होती, उत्तरेकडून ओढ होती. ती वाहून नेणाऱ्या बऱ्याच वाहिन्या त्या वेळी बंद होत्या. मध्य प्रदेशातल्या बीना ते ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या वाहिनीवर इतका भार आला, की तिच्या रिलेला तो बिघाडच वाटला आणि त्यानं ती तोडली. प्रत्यक्षात बिघाड नव्हताच, असं चौकशी समितीनं नोंदवलंय. पश्चिम ग्रिड वेगळं पडलं, त्याची फ्रिक्वेन्सी ५१ च्या वर गेली, काही संच बंद झाले आणि तोल सावरला. उत्तरेत फ्रिक्वेन्सी घसरली की काही भाग आपोआप तोडणारे रिले होते, पण त्यांनी पुरेसं काम केलं नाही. म्हणजे थोड्यांना वेळेवर अंधारात ठेवलं असतं, तर बाकीचे वाचण्याची शक्यता होती.

आता खरा प्रश्न. हे थोडे कोण? ग्रिडचं गणित ते सांगत नाही. त्याला इतके मेगावॅट कमी व्हायला हवेत, एवढंच ठाऊक.

अचानक आलेल्या संकटाचं सोडा, रोजच्या तुटवड्यात महाराष्ट्रानं उत्तर ठरवलं होतं. जिथं गळती जास्त आणि वसुली कमी, त्या फीडरला भारनियमन जास्त. खेड्यांत दहा-बारा तास वीज नसायची. नियम वरवर न्याय्य आहे, ते मी नाकारत नाही. पण फीडर म्हणजे माणूस नव्हे. वेळेवर बिल भरणारी विधवा आणि आकडा टाकणारा तिचा शेजारी एकाच फीडरवर असतात. सामूहिक जबाबदारी हा विषय मी वर्गात तीन आठवडे शिकवायचो, मुलं तरीही भांडायची. इथं तो एका तक्त्यात मिटला.

एक चिठ्ठी आलीय. ‘पाण्याअभावी परळी बंद पडलं, तेव्हा नांदेड-लातूर कायमचं अंधारात का गेलं नाही?’ फार चांगला प्रश्न. फेब्रुवारी २०१३ मध्ये १,१३० मेगावॅटचं परळीचं केंद्र पूर्ण बंद झालं. कोळशावर चालणारं केंद्र, पण वाफ करायला आणि ती थंड करायला पाणी लागतं, आणि दुष्काळात तेच नव्हतं. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तेच. तरी वीज आली, कारण चंद्रपूरहून ४०० केव्हीच्या वाहिन्या परळीपर्यंत येतात.

पण दुरून आलेली वीज दाब घेऊन येत नाही. व्होल्टेज धरून ठेवायला जवळ चालू संच लागतो, किंवा कपॅसिटर. शेतपंपाची मोटर नेमका तोच आधार खेचून घेते. त्यामुळे फीडरच्या शेवटच्या टोकाला दाब इतका उतरतो, की मोटरी जळतात.

आमच्या उदगीरकडच्या शेतावर मी हे पाहिलंय. वीज यायची रात्री बारा-एकला. थंडीत कोण उठणार? म्हणून धाकट्या भावानं ऑटोस्विच बसवला. वीज आली की मोटर आपोआप सुरू. सगळ्या शिवारानंच बसवला होता. मग वीज येताच पन्नास-साठ मोटरी एकाच क्षणी सुरू व्हायच्या, आणि सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट घेते. डीपी जळायची. नवीन येईपर्यंत दोन-तीन आठवडे. तोवर हरभरा वाळून जायचा. ऑटोस्विच काढा, असं आवाहन व्हायचं, आणि ते योग्यच होतं. मी भावाला तसं म्हणालो. तो म्हणाला, ‘दादा, काढतो. पण मग रात्री बाराला पाणी द्यायला तू येशील का?’

मी पुण्याहून आलो होतो, दुसऱ्या दिवशी परत जाणार होतो.