यात्रिकाची वाट आणि मुलांचा सिंह

जबलपुरास बदलून आलेल्या मराठी घरांत मुलांच्या हाती बहुधा इंग्रजी गोष्टींची पुस्तके पडतात. सी. एस. लुइस यांच्या 1950 ते 1956 या काळात प्रसिद्ध झालेल्या नार्नियाच्या सात कथा त्यांपैकीच. त्यांतील अस्लान नावाचा सिंह एका फितूर मुलाच्या बदली स्वतःचा बळी देतो आणि पहाटे पुन्हा जिवंत होतो. ‘मेलेला सिंह उठला कसा?’ असे मूल विचारते, तेव्हा उत्तरासाठी बायबलाकडेच वळावे लागते. ख्रिस्ताचे मरण व पुनरुत्थान हाच त्या कथेचा गाभा. प्रकटीकरणाच्या पुस्तकात त्याला यहूदा वंशाचा सिंह म्हटलेलेही आहे.

ही रीत लुइसची नवी नव्हे. जॉन बन्यनच्या 1678 मधील रूपककथेचा नायक पाठीवर पापाचे ओझे घेऊन स्वर्गीय नगरीकडे निघतो. वाटेत त्याला अडविणाऱ्या अपोल्योन राक्षसाचे नाव प्रकटीकरणातले, तर मृत्युच्छायेची दरी तेविसाव्या स्तोत्रातली. बन्यनने ती मुलांसाठी लिहिली नव्हती. परंतु राक्षस व गड यांच्या ओढीने इंग्रज मुलांनी ती आपलीशी केली.

हीच कथा हरी केशवजींनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने 1841 मध्ये मराठीत आणली. ‘यमुनापर्यटन’ निघण्यास तेव्हा सोळा वर्षे अवकाश होता. मग मराठी मुलांनी ती का उचलली नाही? रूपक आपणांस परके नव्हते. येथून उत्तरेस, बुंदेलखंडात, चंदेल राजा कीर्तिवर्म्याच्या काळी अकराव्या शतकात कृष्णमिश्राने ‘प्रबोधचंद्रोदय’ रचून विवेक व महामोह यांना रंगभूमीवर झुंजविले होते. नाथांची भारुडे तर घरोघरी पोचली होती. कारण, मला वाटते, काळात आहे. 1839 मध्ये दोन पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्याने मुंबईत गहजब उडाला होता. अशा वेळी मिशनच्या वळणाचे पुस्तक वडीलधाऱ्यांना संशयास्पदच वाटणार! अद्भुताची तहान पुढे अरबी गोष्टींनी भागविली. त्यांत धर्मोपदेशाचा धाक नव्हता.

तरीही तो प्रवाह आटला नाही. अमेरिकन मराठी मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक 1872 मध्ये निघाले. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड टिळकांच्या फुलामुलांच्या कविता तर क्रमिक पुस्तकांतून हिंदू घरांतही पाठ झाल्या. धर्म तोच होता. पण त्याने आता मराठी मायेची वाणी धारण केली होती.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाला बगल देऊ नये. सिंहाचे मूळ त्याला सरळ सांगावे. आणि सुटीच्या दिवशी शेजारच्या नरसिंहपुरास नेऊन, त्या गावाला ज्याच्यावरून नाव पडले, तो देवही दाखवावा. एक सिंह भक्तासाठी खांब फोडून शत्रूला मारतो, दुसरा अपराध्यासाठी स्वतः मरतो. दोघांची ओळख झालेले मूल घरापासून दूर वाढले, तरी पोरके वाढणार नाही.