बरं. बरं! बरं…

आज आपण एका टिंबाचा इतिहास बघू या.

बचत गटाच्या मोबाइल ग्रुपवर कोणी विचारतं, "उद्या बैठक दुपारी घेऊ का?" एकीचं उत्तर येतं, "बरं." दुसरीचं, "बरं!" तिसरीचं, "बरं…" शब्द एकच. तरी पहिली रागावलीय, दुसरी खुशीत आहे आणि तिसरीच्या मनात काहीतरी आहे, असं आपण लगेच ठरवून टाकतो. समोरासमोर असतो तर चेहरा दिसला असता, आवाज कळला असता. इथे सगळा भार त्या टिंबावर. मग हे टिंब मराठीत आलं कुठून?

जमिनीचे जुने कागद तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील, मोडीतले. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि बोरू फारसा न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचा. दोन शब्दांमध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. पोथ्यांमध्ये ओवी-श्लोक संपला की उभे दंड असत, तेवढंच.

मग वाचणाऱ्याला कळायचं कसं? पत्राची चाल ठरलेली असे. सुरुवातीला मायना, शेवटी 'बहुत काय लिहिणे'. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का उमटे. मजकुराची हद्द इथे संपली, पुढे कोणी काही घुसडायचं नाही, असा त्याचा अर्थ. तो शिक्का हाच पूर्णविराम. शिवाय पत्र बहुधा मोठ्याने वाचलं जाई. कुठे थांबायचं आणि कुठे आवाज चढवायचा, ते वाचणारा ठरवी.

छापील पुस्तकं आली, एकट्याने मनात वाचणं वाढलं, तेव्हा खुणांची गरज पडली. मेजर थॉमस कँडी हे इंग्रज अधिकारी मोल्सवर्थ यांच्या मराठी शब्दकोशाच्या कामात होते. १८५० मध्ये त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' हे छोटं पुस्तक काढलं. इंग्रजीतल्या या खुणा मराठीत कशा वापरायच्या, ते त्यात सांगितलं. शाळेच्या पुस्तकांमधून त्या रुळत गेल्या.

आता दुसरं साल लक्षात घ्या. १८४८. पुण्यात भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. म्हणजे मराठीच्या हाती विरामचिन्हं आणि मुलींच्या हाती पाटी, दोन्ही साधारण एकाच काळात आली. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' छापलं गेलं, तेव्हा एक बाई सगळ्या समाजाला जाब विचारत होती. प्रश्नचिन्ह बायकांच्या हाती आलं होतं.

पण ते सगळ्यांच्या हाती यायला फार वेळ लागला. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं. खेड्यातली बाई ते मास्तरांकडून नाहीतर शेजारच्या मुलाकडून लिहून घ्यायची. सांगणार ती, टिंबं देणार दुसराच. तिचा हुंदका कार्डावर कुठे उमटणार? आज आपण आपल्या बोटांनी लिहितो, ही लहान गोष्ट नाही.

मात्र आज आपण अनोळखी माणसांना लिहितो. आमच्या अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक भागाकडे बघा. इथे कामाला येणारी कोणी बदलापूरची, कोणी उल्हासनगरची, कोणी आसपासच्या गावांची. कोणाचं माहेर कोकणात, कोणाचं खानदेशात. फाळणीनंतर उल्हासनगरला वसलेल्या सिंधी घरांतल्या जुन्या माणसांची लिपी तर उजवीकडून डावीकडे जाते, आणि तिचं प्रश्नचिन्ह आपल्या उलट तोंड करून उभं असतं. अशा बायका एका ग्रुपवर आल्या की चेष्टामस्करी होणारच. प्रत्येकीची लिहिण्याची खोडही वेगळी. कोणी शाळेत शिकल्याप्रमाणे वाक्य संपलं की टिंब देते. तरुण मुलींना तेच टिंब तुटक वाटतं. कोणी श्वास घ्यावा तशी तीन टिंबं देते. कोणी चार-चार उद्गारचिन्हं लावते, आणि वाचणारीला वाटतं, ही ओरडतेय.

ही अडचण आपल्यालाच आली असं नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या विद्यापीठात संगणकावर निरोप लिहिणाऱ्यांची गंमत एकमेकांना कळेना. तेव्हा स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचवलं, की थट्टा असेल तिथे अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस ओळीने लिहा. आडवं करून पाहिलं की हसरा चेहरा दिसतो. मोबाइलवरच्या हसऱ्या चेहऱ्यांच्या आधीची ती खूण. विरामचिन्हांमधूनच जुळवलेली.

थट्टेत चुकलं तर रुसवा होतो, पैशांत चुकलं तर नुकसान. समजा अध्यक्षबाईंनी विचारलं, "हप्ता आज भरू का?" आणि खजिनदार बाईंनी लिहिलं, "नको थांबू". याचा अर्थ काय? 'नको, थांबू', म्हणजे आज भरायचा नाही. की 'नको थांबू', म्हणजे लगेच भर? एका स्वल्पविरामावर अर्थ पार उलटतो. म्हणून हिशेब, ठराव, तारीख लिहिताना खुणा नीट द्या. शंका असेल तर फोन करून विचारा. ठराव बैठकीत मोठ्याने वाचून मगच सही करा. जुनी माणसं पत्र मोठ्याने वाचत, ती रीत इथे अजून कामाची आहे.

आणि गप्पांत उलटं करा. तिथे खुणांवरून माणूस जोखू नका. मोठ्या वयात अक्षरं गिरवलेली एखादी ताई टिंबच देत नसेल, दुसरी प्रत्येक शब्दामागे देत असेल. तिच्या "बरं." मध्ये राग असेलच असं नाही. तिला शाळेत तसं शिकवलं असेल, एवढंच. मनाला लागलं तर सरळ विचारा, "ताई, रागावलात का?" आणि शेवटी प्रश्नचिन्ह द्यायला विसरू नका.