मायच्या कोंबड्या

बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. डोळ्यांचं निमित्त सांगितलं असतं, पण खरं कारण कोंबड्या. परवा आमची नात फोनवर म्हणाली, "आजोबा, तुम्ही मास्तर होता ना, मग हे कोंबड्यांचं कुठून काढलं?" तिला सांगायला बसलो तर फोनवर मावेना. म्हणून इथे लिहितो, तिच्या आईने वाचून दाखवावं.

आमचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यात, कंधार तालुक्यातलं. वडील माळकरी. घरात मांस-अंडं शिजत नसे. आणि तरीही मागच्या परसात दहा-बारा कोंबड्या कायम असत. आज हे विचित्र वाटेल, पण तेव्हा कोणाला त्यात काही वाटत नसे, कारण कोंबड्या घरच्या नव्हत्याच, मायच्या होत्या. शेत वडिलांचं, बैल वडिलांचे, म्हशीच्या दुधातुपाचा हिशोब आजीकडे, आणि कोंबड्या मायच्या. अंडी विकून आलेला पैसा उतरंडीतल्या खालून तिसऱ्या मडक्यात जाई. त्या मडक्याला वडिलांनी कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. माळकरी माणूस, अंड्याच्या पैशाला कसा शिवणार! (मायने हा विचार मुद्दाम केला होता का, हे विचारायला आता ती नाही.)

आजी मात्र कोंबड्यांवर जरा राग धरून असे. त्याचं कारण निजामाच्या काळातलं. गिरदावर किंवा अमीनसाहेब गावात मुक्कामाला आले की कोतवाल घरोघर फिरे आणि कोंबड्या, अंडी, तूप गोळा करून चावडीवर नेई. पैसे द्यायची पद्धत नव्हती. वेठबिगारीबद्दल आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो ते ओझी वाहण्यापुरतं. पण परसातली कोंबडीसुद्धा त्याच खात्यात जमा होती. आजी म्हणायची, "कोंबडी पाळली की कोतवाल दाराशी आलाच." सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान संपलं. माय त्याच सुमारास लग्न होऊन या घरात आली. माहेराहून येताना तिने डालग्यात दोन तलंगा आणल्या होत्या. आमच्या घराण्यातलं स्वातंत्र्य असं डालग्यातून आलं म्हणायला हरकत नाही.

मायचं तंत्र साधं होतं. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायची थांबून पंख फुलवून एका जागी बसू लागली, की तिला टोपल्यात बसवायची. टोपल्यात तुरीचं भूस, खाली थोडी राख, पिसवा होऊ नयेत म्हणून. अंडी अकरा किंवा तेरा, कधी बारा नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लं. सातव्या-आठव्या दिवशी ती एकेक अंडं छपराच्या झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत धरून बघायची आणि पोकळ निघालेलं बाजूला काढायची. हीच गोष्ट हॅचरीत विजेच्या दिव्यासमोर करतात हे मला पन्नाशीनंतर कळलं. पिल्लांना पहिले दिवस ज्वारीच्या कण्या. वाळवीसाठी ती शेणकाला आणि धसकटं भरलेलं मडकं ओल्या जागी पालथं घालून ठेवायची. दुसऱ्या दिवशी मडकं उचललं की खाली वाळवी, आणि पिल्लांची पंगत. वर घार, खाली मुंगूस, रात्री बोका. तेरातली पाच-सहा पिल्लं मोठी झाली तरी माय खूश असे.

गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तीही तीन-चार खेपांत. यातली काही पुन्हा बसवायला ठेवायची, बाकीची लोह्याच्या बाजारात. आखाडात कोंबड्यांना भाव, श्रावण लागला की अंड्याला कोणी विचारत नसे, म्हणून कोंबड्या बसवायच्या त्या श्रावणात. सगळं पंचांगावर बसवलेलं. पिल्लू मात्र मायने आयुष्यात कधी विकत आणलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट होती, मानमोडी. संध्याकाळी धडधाकट असलेली कोंबडी सकाळी मान वाकडी करून पडलेली, हिरवी हगवण, आणि दोन-तीन दिवसांत गल्लीतली सगळी खुराडी रिकामी. शास्त्रीय नाव राणीखेत. १९२७ च्या सुमारास कुमाऊँतल्या राणीखेतला या रोगाची साथ आली आणि जवळच्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत त्याचा अभ्यास झाला म्हणून हे नाव. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हाच रोग सापडला होता. तिकडे तो न्यूकॅसल झाला, आपल्याकडे राणीखेत. गंमत म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही आपल्या लोकांनी मानमोडीच म्हटलं होतं. आजी दोन्हींबद्दल बोलताना एकच शब्द वापरायची आणि लहानपणी मला कळत नसे की ती माणसांबद्दल बोलते आहे की कोंबड्यांबद्दल.

राणीखेतची लस मुक्तेश्वरलाच तयार झाली होती, पण आमच्या परसापर्यंत ती काही आली नाही. मायला तिचं नावही माहीत नव्हतं. मानमोडी आली की ती दोन कोंबड्या उचलून आखाड्यावर नेऊन ठेवायची, गावापासून लांब. कधी त्या जगत, कधी नाही. जगल्या तर त्यांच्यापासून पुन्हा सुरुवात.

आता १९७२. मी नांदेडला पीपल्स कॉलेजात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. स्वामी रामानंद तीर्थांनी १९५० साली काढलेलं हे कॉलेज नसतं तर आमच्यासारख्या कित्येक पोरांचं शिक्षण मॅट्रिकलाच थांबलं असतं. पण फी, खोली, खानावळ हे होतंच. दुष्काळ असा की वडील आणि थोरले भाऊ रोजगार हमीच्या खडीवर, जेवायला तांबड्या मिलोच्या भाकरी आणि सुकडी. माणसाला ज्वारी नाही तिथे कोंबडीला कण्या कोण घालणार? दिवाळीनंतर मी गावी गेलो तेव्हा परसात एक कोंबडी होती. बाकीच्या गेल्या होत्या. मायने माझ्या हातात त्रेसष्ट रुपये ठेवले, सगळे सुटे. म्हणाली, "परीक्षेचं भर. अन् तुज्या बापाला सांगू नगं, त्येला खपायचं नाही." वडील ओसरीवरच बसले होते, पाच-सहा हातांवर. त्यांनी ऐकलं नाही असं मला वाटत नाही. ते पोथी वाचत राहिले.

मी मराठी घेऊन बी. ए. झालो, पुढे पस्तीस वर्षं मास्तरकी केली. व्याकरण शिकवताना ऱ्हस्व, दीर्घ, प्लुत आले की मी वर्गात कोंबड्यासारखा आरवून दाखवायचो. पाणिनीने या तीन मात्रांसाठी उ हाच स्वर घेतला, आणि परंपरा सांगते की कोंबड्याच्या आरवण्यात तिन्ही उ ओळीने येतात. पोरं हसायची, पण प्लुत कोणी विसरलं नाही. असो.

त्याच काळात कोंबडीचा इतिहास भलतीकडे चालला होता. १९७१ साली हैदराबादला डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. लेगहॉर्न ही मूळ इटलीतल्या लिव्होर्नो बंदराच्या नावाची पांढरी कोंबडी. तिची सुधारलेली वाणं वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात. म्हणजे मायच्या पाच-सहा कोंबड्यांचं काम एकटीने. १९८२ मध्ये राव यांच्याच पुढाकाराने एनईसीसी निघाली, अंड्याचा भाव उत्पादकांनीच जाहीर करायचा म्हणून. (त्याच वर्षी आमचा लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला.) मग ती अंड्यांची हिंदी जाहिरात दूरदर्शनवर आली आणि आमच्या शेजारच्या पक्क्या शाकाहारी घरातली पोरंही ती गुणगुणू लागली. अंडं ट्रेमधून, ट्रकमधून येऊ लागलं, वर्षभर, श्रावणातसुद्धा. स्वस्त झालं, गरिबाला परवडलं, हे मी नाकारत नाही. पण लोह्याच्या बाजारात टोपलं घेऊन बसणाऱ्या बायका हळूहळू दिसेनाशा झाल्या. धंदा शेडमध्ये गेला, कर्ज पुरुषाच्या नावावर, हिशोब पुरुषाच्या हातात. अंडी वाढली आणि मडकं रिकामं झालं, याबद्दल कोणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मी शाळेतर्फे किल्लारीकडे मदतीला गेलो होतो. त्याबद्दल मागे लिहिलं आहे, पुन्हा लिहिवत नाही. एवढंच सांगतो की पत्र्याच्या तात्पुरत्या शेडच्या वस्तीत मी एका म्हातारीला पाहिलं. तिने पडक्या घराच्या दगडांतून आधी खुराडं रचलं होतं. चूल नंतर.

मग आला बर्ड फ्लू. देशात पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला. तेव्हा तो लांबचा वाटला. जानेवारी २०२१ मध्ये तो परभणीजवळ मुरुंब्याला आणि आमच्या अहमदपूर तालुक्यात केंद्रेवाडीला आला. एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारून पुरायचे, असा नियम. रोग माणसापर्यंत येऊ नये म्हणून तो हवाच, मी त्याच्या विरोधात नाही. त्या वेळी भरपाईचा दर अंड्यावरच्या मोठ्या पक्ष्याला ९० रुपये आणि आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला २० रुपये असा होता. शेडमधल्या लेगहॉर्नचा हिशोब त्यात कदाचित बसत असेल, पण गावरान कोंबडी बाजारात चारशेच्या पुढे जाते. अक्काचं गाव त्याच तालुक्यात, सुदैवाने त्या एक किलोमीटरच्या बाहेर. पण महिनाभर तिच्या अंड्यांना कोणी हात लावला नाही. फोनवर म्हणाली, "मायच्या येळंला एवढं हुतं का रे?" मी म्हणालो, मानमोडी होती की. ती म्हणाली, "तवा निदान पाव्हणा म्हून कोणी मारायला येत नव्हतं."

त्यानंतर मी ठरवलं की आपणही पाळायच्या. लातूरच्या घराच्या मागे जागा आहे. आमच्या सौ.नी विरोध केला, पण मऊ. वीस पिल्लं आणली, ग्रामप्रिया जातीची. ही जात आणि वनराजा, दोन्ही हैदराबादच्या राजेंद्रनगरातल्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेने परसबागेसाठी काढलेल्या. १९५६ साली हैदराबादशी आमचा संसार मोडला, पण कोंबडी अजून तिथूनच येते!

एक दिवसाची पिल्लं म्हणजे कापसाचे बोंड. त्यांना आई नाही, म्हणून ऊब आपण द्यायची. पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाईट, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी. पत्र्याचं गोल कडं, खाली लाकडाचा भुसा, वर बल्ब, पहिल्या दिवशी गुळाचं पाणी. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं. दुसऱ्या रात्री वीज गेली. मी झोपलेलो. सकाळी पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली, आणि खालची सात मेलेली. थंडीने नव्हे, चेंगरून. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला वीस पिल्लं सांभाळता आली नाहीत. त्यानंतर पंधरा दिवस मी कंदील पेटवून तिथेच खाट टाकून झोपलो. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच बरं सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर थंडी, चोची उघडून कडेला पळाली तर उकाडा, सगळीकडे विखरून टिपत असली तर आपण निवांत झोपावं. सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्या दिवशी गंबोरो. पशुवैद्यकाने डोळ्यात एकेक थेंब टाकायला शिकवलं तेव्हा मला मायची ती आखाड्यावरची पळापळ आठवली. एका थेंबाचा प्रश्न होता.

अकरा जगली. साडेपाच-सहा महिन्यांनी अंडी सुरू झाली, आणि मायच्या कोंबड्यांच्या दुप्पट-तिप्पट. पण एकही खुडूक होईना. चौकशी केली तर कळलं की जास्त अंड्यांसाठी निवड करता करता बसण्याची वृत्तीच या जातींमधून जवळजवळ गेली आहे. अंडी देतात, आई होत नाहीत. पिल्लं हवीत तर पुन्हा विकत आणा.

जास्तीची अंडी मी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत देऊ लागलो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, अंड्यामागे पाच रुपये धरून, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये तो निधी बंद झाला आणि लोकवर्गणीतून जमलं तर द्या, असं सांगण्यात आलं. माझा एक विद्यार्थी तिथे शिक्षक आहे. "सर, बुधवारी हजेरी वाढायची," एवढंच म्हणाला. आता दर बुधवारी माझी तीस-पस्तीस अंडी जातात. पहिली ते चौथीला पुरतात.

गेल्या महिन्यात अक्काकडे गेलो होतो. तिच्याकडे एक काळी गावरान कोंबडी खुडूक झालेली. अक्का म्हणते, मायच्या डालग्यातल्या तलंगांचीच ती वंशावळ. मला ते पटवून घ्यायला आवडतं. ती मागून आणली आणि माझ्या ग्रामप्रियांची अकरा अंडी तिच्याखाली ठेवली. डॉक्टर म्हणतात पुढच्या पिढीत अंडी कमी होतील. होऊ देत. आठव्या दिवशी मोबाईलच्या उजेडात बघितली, दोन पोकळ निघाली. आज एकोणिसावा दिवस. सौ. सकाळपासून तीनदा टोपल्यापाशी जाऊन आल्या आहेत, आणि मला मात्र सांगतात की तिला त्रास देऊ नका.