अंगणातला काळा डाग

शेंदूरजनाघाटला आमच्या जुन्या घराच्या अंगणात एक काळा डाग आहे. शेणानं सारवलं, मुरूम टाकला, शेवटी फरशी बसवली, तरी तो सांध्यांतून वर येतोच. तिथे आजोबांची अ‍ॅम्बेसेडर उभी राहायची. संत्र्याच्या कलमांच्या धंद्यात या गावानं नाव कमावलं आणि आजोबा त्याच धंद्यातले. त्यामुळे गाडी माणसांपेक्षा कलमांच्या जुड्याच जास्त वाहायची आणि रात्री अंगणात ऑईल टपटपायची.

एका हंगामात हे टपटपणं वाढलं. सातपुड्याचा चढ चढताना क्लच घसरायला लागला, कारण ऑईल मागच्या बाजूनं क्लच प्लेटपर्यंत पोचलं होतं. वर चढायचं आणि मागे कलमांचं वजन, अशा वेळी क्लचनं दगा देणं ही साधी गोष्ट नव्हती. एका गॅरेजनं चेंबरचं पॅकिंग बदललं. महिन्याभरात पुन्हा गळती. मग टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. पुन्हा गळती. आता इंजिन उतरवावं लागेल, असं सांगण्यात आलं.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं गाडी पाहिली. पाना हातात न घेताच तो म्हणाला, "आधी धुवा, मंग पाहू."

या एका वाक्यामागे मोटारीचा बराच इतिहास आहे.

इंजिनात ऑईल फिरतं ठेवायचं आणि त्याच वेळी एक दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, बाहेर काढायचा. दांडा फिरायला हवा, म्हणजे फट हवी. ऑईल अडायला हवं, म्हणजे फट नको. जुन्या इंजिनांमध्ये यावर अनेक तोडगे होते. काहींत दांड्याभोवती ग्रॅफाइट लावलेली दोरी आवळून बसवत. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश घराण्यातलं. त्याच्या मागच्या टोकाला सीलच नव्हतं. दांड्यावर स्क्रूसारखे आटे कापलेले असत आणि फिरता फिरता ते ऑईल आत ढकलत. इंजिन बंद झालं की ढकलणारं कोणी उरत नसे. म्हणून ती गाडी उभी असताना ठिपकायची. रचनाच तशी होती. हिंदुस्थान मोटर्सनं १९५७ साली उत्तरपाड्यात सुरू केलेली ही गाडी २०१४ पर्यंत बनत राहिली. दरम्यान तिच्यात इतर इंजिनंही आली, पण आजोबांच्या पिढीनं ओळखलेली गाडी ही ठिपकणारी.

आजच्या गाडीतलं ऑईल सील चामड्याच्या धंद्यातून आलं. जर्मनीतल्या वाइनहाइमच्या फ्रॉयडेनबर्ग कंपनीचा मूळ व्यवसाय कातडी कमावण्याचा. १९२९ च्या मंदीच्या सुमारास तिनं चामड्याची सील करायला घेतली. पुढे १९३० च्या दशकात चामड्याची जागा कृत्रिम रबरानं घेतली. दांड्याला अलगद टेकणारी रबराची ओठासारखी कड आणि ती दाबून धरणारी बारीक स्प्रिंग, एवढंच ते यंत्र. त्यामुळे फिरताना आणि थांबल्यावरही ऑईल आत राहू लागलं.

पण ऑईलला बाहेर ढकलणारं आणखी एक कारण असतं, आणि सील बदलून ते जात नाही. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू खाली चेंबरकडे निसटतोच. गॅरेजात त्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. त्याला वाट हवी. जुन्या गाड्यांत एक उघडी नळी, म्हणजे ब्रीदर, तो धूर थेट रस्त्यावर सोडायची.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात. ही नळी बंद करण्याची सक्ती झाली ती खऱ्या कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसच्या धुरक्यानं डोळे चुरचुरत आणि पालेभाज्यांची पानं करपत. आरी हागेन-स्मिट हे रसायनशास्त्रज्ञ तोवर अननसाच्या स्वादावर काम करत होते. मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारी वाफ व वायू उन्हात एकत्र येऊन हे धुरकं तयार होतं, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. त्यानंतर १९६० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियानं पीसीव्ही व्हॉल्व्ह सक्तीचा केला. चेंबरमधला वायू पुन्हा इंजिनात ओढून जाळायचा, हे त्याचं काम. दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांसाठी ही युक्ती आधीच वापरली गेली होती.

आता मिस्त्रीकडे येऊ. त्यानं इंजिन धुतलं, कोरडं केलं, गाडी गावाबाहेर फिरवून आणली आणि बॅटरी घेऊन वरून खाली पाहत गेला. ऑईल खाली घरंगळतं आणि वाऱ्यानं मागे जातं. म्हणून ठिपका जिथे पडतो तिथे दोष असेलच असं नाही. ओल जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे दिसते, तिथे शोधायचं. आमच्या इंजिनाला ओल एका जागी नव्हती, सगळ्याच सांध्यांना होती. मग त्यानं इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण उघडलं. आतून धुराचे भपके आले. ब्रीदरची नळी सोडवली, तर ती काळ्या चिखलानं गच्च भरलेली. "त्याले श्वासच घेता येत नव्हता," तो म्हणाला.

नळी साफ झाली आणि क्लच प्लेट बदलली. इंजिन उतरवावं लागलं नाही. गळती पूर्ण थांबली नाही, नेहमीच्या चार ठिपक्यांवर आली. क्लच पुन्हा घसरला नाही.

तुमच्या गाडीखाली डाग दिसला तर आधी खाली पुठ्ठा ठेवा. तपकिरी-काळं असेल तर इंजिन ऑईल, हिरवं किंवा लाल पाणीदार असेल तर बहुधा कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर ब्रेकचं तेल. मग गाडी हलवूच नका. इंजिन थंड झाल्यावर सपाट जागी डिपस्टिक पाहा, कारण ऑईल जास्त भरलं तरी त्रास होतो. सील किंवा पॅकिंग बदलण्याआधी पीसीव्ही आणि त्याची नळी तपासायला सांगा; हे काम कमी पैशांत होतं. पॅकिंग बदलावंच लागलं तर बोल्ट जोर लावून आवळू देऊ नका, कॉर्क चिरडतो. सिलिकॉनही पातळच लावायला सांगा, आत सुटलेला तुकडा ऑईलची जाळी अडवू शकतो. आणि चालू गाडीत ऑईलचा लाल दिवा लागला, तर 'गाव आलंच आता' म्हणू नका. तिथेच इंजिन बंद करा.

आमची अ‍ॅम्बेसेडर भंगारात गेली. डाग अजून आहे.