धडधड, भिर्रर्र आणि शांतता

ऑफिसात जेवणाच्या टेबलावर रेसचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : "इलेक्ट्रिक गाड्यांची शर्यत म्हणजे मीठ नसलेली आमटी." बोलणारा बहुतेक वेळा बुलेटवाला असतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण किती? हे बघायचं तर थोडं मागं जावं लागतं, आणि तेसुद्धा वाटतं त्यापेक्षा बरंच मागं.

डिसेंबर १८९८. पॅरिसजवळ आशेर इथे काउंट शासलू-लोबा या गृहस्थाने ताशी ६३.१५ किलोमीटर वेगाने गाडी पळवली. जमिनीवरच्या वेगाचा हा पहिला नोंदलेला विक्रम. मग कामीय जेनाट्झी हा बेल्जियन माणूस ईर्ष्येला पेटला आणि दोघांनी चारपाच महिने आळीपाळीने एकमेकांचे विक्रम मोडले. एप्रिल १८९९ मध्ये जेनाट्झीने १०५.८८ गाठले. ताशी शंभरच्या पुढे जाणारी ही पहिली मोटारगाडी. तिचं नाव 'ला जामे कोंतांत', म्हणजे 'कधीच समाधानी नसलेली'. आता गंमत बघा. या सगळ्या, म्हणजे पहिल्या सहाही विक्रमांच्या गाड्या बॅटरीवर चालणाऱ्या होत्या. १९०२ मध्ये हा विक्रम मोडला तोही वाफेच्या गाडीने. पेट्रोलची पाळी त्यानंतर आली.

म्हणजे 'वेग म्हणजे आवाज' हे समीकरण काही निसर्गनियम नाही. पेट्रोल इंजिन जिंकलं, आणि त्याचा आवाज वेगाची खूण बनला.

हा आवाज येतो कुठून? सिलिंडरमध्ये मिश्रण पेटतं, गरम वायू दाबाने एक्झॉस्टमधून बाहेर पडतो, तो ठोका आपल्याला ऐकू येतो. एका सिलिंडरच्या फोरस्ट्रोक बुलेटमध्ये दोन फेऱ्यांमागे एक ठोका. उभी असताना इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सात-आठ ठोके. कान ते सुटेसुटे मोजू शकतो, म्हणून ती धडधड. याउलट २०१३ पर्यंतचं फॉर्म्युला वनचं आठ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १८,००० फेरे घ्यायचं. गणित केलं तर सेकंदाला १,२०० ठोके! तिथे ठोके उरत नाहीत, एक सलग किंकाळी होते. भारतात ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर २०११ ते २०१३ अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, आणि तिन्ही याच इंजिनांच्या. तिकीट काढून गेलेले लोक अजून व्हेटेलच्या तिन्ही विजयांपेक्षा त्या किंकाळीबद्दल जास्त बोलतात.

मग आलं २०१४. मार्चमध्ये फॉर्म्युला वन सहा सिलिंडरच्या हायब्रिड इंजिनांवर गेली. फेरे कमी, सिलिंडर कमी. प्रत्यक्षात १२,००० च्या आसपास फेरे धरले तर ठोके निम्म्यावर, सेकंदाला ६००. पेटीवर म्हणाल तर बरोबर एक सप्तक खाली. शिवाय एक्झॉस्टमधली बरीच ताकद टर्बो आधीच खाऊन टाकतो. मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीनंतर तिथल्या आयोजकांनी आवाजाबद्दल तक्रार केली. मे महिन्यात मर्सिडीजने चाचणीत एक्झॉस्टला चक्क भोंगा लावून बघितला. काही उपयोग झाला नाही. इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर हे उफराटंच होतं. आवाज म्हणजे वाया गेलेली ऊर्जा. ती वाचवली म्हणून शाबासकी मिळायला हवी होती, मिळाल्या शिव्या.

त्याच वर्षी १३ सप्टेंबरला बीजिंगमध्ये फॉर्म्युला ई सुरू झाली. पहिल्या दहा संघांत एकच भारतीय संघ होता, आपल्या मुंबईच्या महिंद्राचा. ड्रायव्हर करुण चंढोक आणि ब्रुनो सेना. बॅटरी तेव्हा अर्ध्या शर्यतीतच संपायची, म्हणून ड्रायव्हर मध्येच एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसायचा. लोक हसले. २०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या हंगामापासून एकाच गाडीत शर्यत पुरी होऊ लागली. त्याआधीच १० जून २०१७ ला बर्लिनमध्ये फेलिक्स रोझेनक्विस्टने महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला होता. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेनसागरच्या काठावर ही शर्यत भरली. भर शहरात अशी शर्यत भरवणं सोपं होतं याचं एक कारण गाड्यांचा कमी आवाज. तोट्याचाच फायदा!

पण २०१४ ची आणखी एक तारीख आहे, आणि आपल्या पुणे जिल्ह्यासाठी ती जास्त मोठी. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांचा छळ होतो या कारणावरून बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह तात्पुरती परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा दुरुस्त कायदा वैध ठरवला. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा आहे, तो त्या अटींनी कितपत सुटला यावर वाद होऊ शकतो. माझा मुद्दा वेगळा. खेड, जुन्नर, आंबेगावच्या घाटातली बारी बघा. काही सेकंदांचा मामला, आणि इंजिन कुठेच नाही. तरी कान बधिर होतात. "भिर्रर्र" आरोळी, हलगी, लाउडस्पीकरवरचा निवेदक, वर उधळलेला भंडारा. तिथे आवाज काढतात ती माणसं.

उलट उदाहरणही घरचंच. १ जून १९३० ला सुरू झालेली दख्खनची राणी पहिल्यापासून विजेच्या इंजिनावर धावली. वाफेची फुसफुस, झुकझुक तिच्या नशिबी नव्हतीच. म्हणून पुणेकरांचं तिच्यावरचं प्रेम कमी झालं का? दर १ जूनला तिचा वाढदिवस साजरा करणारी मंडळी आहेत!

मग आपण नक्की काय गमावतोय? मला वाटतं, एक विद्या. पुणे-सातारा रस्त्यावर खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडला की पुढे भोर तालुक्यातलं शिवरे लागतं. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४, आताचा ४८. असल्या रस्त्याच्या कडेला जुना मिस्त्री बॉनेट न उघडता नुसता कान देऊन सांगतो, "टॅपेट वाजतंय." ट्रक चढाला लागला, गिअर पडला, ब्रेक तापले, हे सगळं त्याला ऐकू येतं. रेसमधला इंजिनिअरही हेच करायचा. आज ते काम सेन्सर करतो आणि आकडा स्क्रीनवर दिसतो. आकडा जास्त अचूक आहे, पण तो मिस्त्रीच्या पोराला कानाने शिकता येत नाही.

आणि त्याच रस्त्याकडेच्या घरात रात्री झोपणाऱ्याला विचारा. त्याला या संगीताचं कौतुक नाही. ट्रक, भोंगे आणि फोडलेले सायलेन्सर त्याच्या उशाशी वाजतात. आवाजाची हौस बहुतेक वेळा तिकीट काढून जाणाऱ्याची असते. ज्याला तो फुकट आणि रोज मिळतो, त्याची नव्हे.

म्हणून माझं मत असं : ट्रॅकवरचा आवाज राहू दे, तो शर्यतीपुरता असतो, ऐकणारा स्वतःहून येतो. रस्त्यावरचा जाऊ दे. आणि फॉर्म्युला ईला मीठ हवं असेल तर ते गाडीत स्पीकर बसवून येणार नाही. घाटात जसं प्रत्येकाला ठाऊक असतं की ही कोणाची बैलजोडी, कुठल्या गावची, तशी ओळख त्या गाड्यांची व्हायला हवी. महिंद्राच्या गाडीसाठी इथून कोणी घसा बसेपर्यंत ओरडलं, तर आवाजाचा प्रश्न आपोआप मिटेल.

बुलेटवाल्या मित्रांनो, कॉमेंट्स तुमच्याच आहेत. घाला शिव्या!