एका भांड्यांतला इतिहास



शाळेंत भूगोल शिकवीत असतां वेस्ट इंडीजच्या नकाशावर मी छडी टेकली, कीं तिच्या टोकाखालीं ग्रेनेडा हें बेट संपूर्ण झांकून जाई. लांबी अवघी ३४ किलोमीटरांच्या आसपास. "येथें जायफळ पिकतें," एवढें एकच वाक्य मुलांना सांगून मी पुढें सरकत असें. त्या उपेक्षेची थोडी भरपाई आज करावयाची आहे. आणि ती गव्हर्नर-सेनापतींच्या हकीकतींनीं नव्हे, तर तेथील चुलीवरच्या एका पदार्थाच्या आधारें.

या पदार्थाचें नांव 'ऑइल डाउन'. तो ग्रेनेडाचा राष्ट्रीय पदार्थ मानला जातो. नीरफणसाच्या फोडी, खारवलेलें मांस किंवा मासे, अळूचीं पानें, हिरवीं केळीं आणि कणकेचे तळहातावर वळलेले लांबट गोळे हें सर्व नारळाच्या दुधांत एकत्र शिजवितात. दूध आटून नारळाचें तेल तळाशीं उतरलें म्हणजे पदार्थ झाला; नांवाचा अर्थही तोच. रंगाला हळद घालतात. गंमत अशी, कीं तिकडे हळदीलाच केशर म्हणतात! खारवलेली डुकराची शेपूट सोडली, तर आमच्या कोंकणांतल्या गृहिणीला यांतील एकही जिन्नस परका वाटणार नाहीं.

परंतु ते जिन्नस त्या बेटाचेही नव्हेत. मिरची तेवढी अमेरिकेची मूळची. बाकीचें बहुतेक सर्व जहाजांतून आलें, आणि खाणारीं माणसेंही तशींच आलीं. फ्रेंचांनीं १६४९ सालीं येथें वसाहत केली. १७६३ च्या तहानें बेट इंग्रजांकडे गेलें. दोघांनींही आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांकडून मळे पिकविले. चांगली जमीन उंसासारख्या विक्रीच्या पिकाला लावावयाची, मग राबणाऱ्यांना खाऊं काय घालावयाचें? त्यासाठीं उत्तर अमेरिकेंतून खारा कॉड मासा आणि पिंपांत भरलेलें खारें मांस येई. त्यांतला हलका माल गुलामांच्या वांट्याला जाई.

१७७५ सालीं अमेरिकन वसाहतींचें इंग्रजांशीं युद्ध जुंपलें आणि हा पुरवठा तुटला. मळेवाल्यांना स्वस्त अन्न हवें होतें. ताहिती बेटांतला नीरफणस एकदां लावला, कीं वर्षानुवर्षें फळ देतो, हें त्यांनीं ऐकलें होतें. तीं रोपें आणण्यासाठीं १७८७ सालीं कॅप्टन ब्लाय 'बाउंटी' जहाज घेऊन निघाला. हजारावर रोपें त्यानें जमविलीं. परंतु २८ एप्रिल १७८९ रोजीं खलाशांनीं बंड केलें, ब्लायला व त्याच्या अठरा सोबत्यांना एका उघड्या होडींत बसवून सोडून दिलें, आणि रोपें समुद्रांत फेंकलीं. ब्लाय जगला, पुन्हां गेला, आणि जानेवारी १७९३ मध्यें 'प्रॉव्हिडन्स' जहाजांतून रोपें घेऊन सेंट व्हिन्सेंट बेटाला पोहोंचला. हें बेट ग्रेनेडाच्या उत्तरेस लागूनच आहे. तेथून नीरफणस आसपासच्या बेटांत पसरला.

आणि ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्यांनीं तें फळ प्रथम डुकरांना घातलें, असें सांगतात! चव रुचली नाहीं, असें त्याचें कारण देतात. मला तें पुरेसें वाटत नाहीं. आपण काय खावें हें दुसऱ्या कोणीं खर्चाचा हिशेब मांडून ठरवावें, याचा तो राग असला पाहिजे. पुरावा नाहीं, मास्तराचें अनुमान समजा. माझ्या घरच्या परसांत नीरफणसाचें झाड होतें. त्याचे काप आम्ही मागून मागून खात असूं. पण ते आईनें तळलेले असत.

१८३४ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली. प्रत्यक्ष मोकळीक मिळावयास १८३८ साल उजाडलें. त्यापुढें तेंच झाड स्वतःच्या परसांत वाढूं लागलें, आणि मालकाच्या शिध्याची मेजवानी झाली. आजही तीन दगडांच्या चुलीवर, उघड्यावर, समुद्रकांठीं हें भांडें चढतें. कोणी नारळ आणतो, कोणी अळू. ७ फेब्रुवारी १९७४ रोजीं ग्रेनेडा स्वतंत्र झालें. त्या तारखेला दरवर्षीं गांवोगांव हीं भांडीं दिसतात.

इतर पदार्थांविषयीं थोडक्यांत. सकाळीं तळलेल्या पावासारख्या पुऱ्या व खारा मासा. सोबत कोकोचा चहा, त्यांत दालचिनी आणि जायफळ. हें जायफळही १८४३ च्या सुमारास बाहेरून आलें, इतकें रुजलें कीं तेथील ध्वजावर बसलें, आणि २००४ च्या 'आयव्हन' वादळांत त्याच्या बागाच्या बागा उन्मळून पडल्या. १८५७ पासून हिंदुस्थानांतून करारानें मजूर गेले. त्यांच्या मागें रोटी राहिली.

कोणाचें तिकडे जाणें झालेंच, तर ऑइल डाउन हॉटेलांत मागवूं नये. कोणाच्या तरी परसांत बसून खावा. मात्र भांडें भरलें जात असतां सूचना करूं नये, आणि पळी घालून ढवळूं तर मुळींच नये. तळाशीं काय, वर काय, याचें शास्त्र तेथें घरोघरीं निराळें आहे, आणि प्रत्येक घर आपलेंच खरें मानतें.