बेथलेहेमची चांदणी आणि फुलीचा टाका

हातातलं काम चालू ठेवा, ऐकता ऐकता भाजी निवडून होईल.

आज बोलायचंय फुलीच्या टाक्याबद्दल. दुसुतीचं कापड घ्यायचं, घरं मोजायची, एक टाका तिरपा, त्यावर दुसरा उलटा तिरपा, झाली फुली. आपल्यातल्या बहुतेकींनी तो शाळेत घातलाय. कुणी मोर भरला, कुणी 'सुस्वागतम' लिहिलं, लग्नात तो रुमाल रुखवतात मांडला गेला आणि मग कायमचा ट्रंकेत गेला.

आमच्या गटात हा टाका परत आला 2020 साली. आमचं गाव श्रीरामपूरकडचं. इकडे ख्रिस्ती घरं बरीच, गटातही पाचजणी आहेत, त्यामुळे नाताळ सगळ्या गावाचाच. कोरोनाने हाताला काम नव्हतं. ऑक्टोबरात शहरातल्या एका दुकानदाराने 150 चांदण्यांची ऑर्डर दिली, नाताळच्या झाडाला टांगायच्या. आम्ही रात्र रात्र बसून भरल्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला, यंदा गिऱ्हाईक नाही, माल नको. आगाऊ रक्कम आम्ही घेतलेली नव्हती, ती चूक आमचीच. बैठकीत चांदण्यांचा ढीग मधे ठेवून सगळ्या गप्प बसलो होतो. तेवढ्यात एकजण म्हणाली, "ज्या गावाची म्हणून ही चांदणी, त्या गावच्या बायका काय करत असतील गं यंदा?"

तेव्हापासून आम्ही याबद्दल वाचत, विचारत आलो.

ते गाव म्हणजे बेथलेहेम, जिथे येशूचा जन्म झाला असं मानतात. पॅलेस्टाईनमध्ये, जेरुसलेमपासून जवळच. आता गंमत बघा. फुलीचा टाका हाच पॅलेस्टाईनच्या बायकांचा मुख्य टाका. भरतकामाला त्या ततरीझ म्हणतात. ख्रिस्ती असो, मुसलमान असो, टाका एकच. आई मुलीला लहानपणीच सुई देते. पूर्वी मुलगी लग्नापर्यंत स्वतःचे झगे स्वतः भरायची. त्या पायघोळ झग्याला थोब म्हणतात. छातीवर चौकोनी भरलेला भाग, बाजूंना खालपर्यंत उतरणाऱ्या पट्ट्या. एक थोब भरायला महिनेच्या महिने लागायचे.

आणि थोब बघून बाईचं गाव ओळखता यायचं. आपल्याकडे पूर्वी लुगड्यावरून, नेसण्यावरून ओळखायचे तसंच. रामल्लाकडच्या बायका पांढऱ्या कापडावर लाल फुल्या भरायच्या. बेथलेहेमच्या बायका तर थोड्या वेगळ्याच, त्या रेशमी आणि सोनेरी दोरी कापडावर वळणावळणाने बसवून टाचायच्या, त्यांची ती खासियत. दक्षिणेला वाळवंटाकडच्या बेदुइन बायकांमध्ये लग्न झालेलीचा दोरा लाल आणि विधवेचा निळा. रंगावरून बाईचं दुःख चारचौघांत कळावं, हे आम्हाला काही आवडलं नाही. पण आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं.

नमुन्यांमध्ये सरूचं झाड आहे, पक्षी आहेत आणि आठ टोकांची चांदणी आहे. ही चांदणी आता बेथलेहेमची चांदणी म्हणून ओळखली जाते, पण पश्चिम आशियात ती ख्रिस्तजन्माच्या कितीतरी आधीपासून काढलेली सापडते. दोरा मात्र बदलत गेला. आधी रेशीम होतं. मग 1930 च्या सुमारास फ्रान्सच्या कंपनीचा सुती दोरा आला, त्याच्यासोबत छापील नमुन्यांची पुस्तकं आली आणि गुलाबाची फुलं थोबवर येऊन बसली. बायका नवीन घेतात, त्याला वेळ लागत नाही.

मग 1948 आलं. इस्रायल देश झाला, युद्ध झालं आणि सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी लोकांचं गाव सुटलं. बेथलेहेमच्या आजूबाजूला छावण्या उभ्या राहिल्या. धैशेची छावणी 1949 ची, ऐदाची 1950 ची. आधी तंबू, मग खोल्या. ज्या बाईने स्वतःसाठी थोब भरला होता, तिने तो पिठासाठी विकला. मदतीच्या धान्याच्या पोत्यांचं कापड लावून झगे शिवले गेले, तसे काही झगे संग्रहांमध्ये जपून ठेवलेत. वेगवेगळ्या गावांच्या बायका शेजारी शेजारी आल्या तसे नमुनेही मिसळले. गावाची ओळख सांगणारं काम सगळ्या देशाची ओळख सांगणारं झालं.

याच काळात भरतकामाला मजुरी मिळू लागली आणि आपल्या गटांशी जुळणारी गोष्ट इथे सुरू होते. बेथलेहेममध्ये 1947 साली अरब महिला संघ निघाला होता. सुरुवातीला त्या बायका युद्धातल्या जखमींची शुश्रूषा करत होत्या. पुढे त्यांनी भरतकामाचं केंद्र चालवलं. रामल्लाजवळच्या अल-बिरे गावी 1965 साली समीहा खलील नावाच्या बाईंनी कुटुंबांना हात देणारी संस्था काढली. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्यांची शाळा सुटली होती. ती त्यांनी मुलं मोठी झाल्यावर पूर्ण केली. पुढे 1996 साली त्या यासर अराफात यांच्या विरोधात अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. हरल्या, पण साधारण दहात एक मत त्यांना पडलं. भरतकामाची संस्था चालवणारी बाई देशाच्या अध्यक्षपदाला उभी राहते, हे आम्ही बैठकीत दोनदा वाचून दाखवलं.

अशा केंद्रांमधून थोबपेक्षा लहान वस्तू निघू लागल्या. उशीचे अभ्रे, पाकिटं, पट्ट्या आणि नाताळच्या झाडाला टांगायच्या चांदण्या, घंटा. यामागचं गणित आपल्याला लगेच कळेल. मोठ्या कामात दोरा, कापड आणि महिने अडकून पडतात. लहान काम दोन संध्याकाळींत हातावेगळं होतं, पैसा लवकर फिरतो, बाई घर सोडून कुठे जात नाही आणि परदेशी पाहुणा खिशात घालून नेतो.

एक युक्ती त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. मखमलीवर किंवा बारीक कापडावर घरं मोजता येत नाहीत. मग त्यावर जाळीचं कापड टाचायचं, दोन्हींतून फुली घालायची आणि काम झालं की जाळीचे धागे एकेक करून ओढून काढायचे. फुल्या खालच्या कापडावर राहतात. आम्ही ब्लाऊजपीसवर करून पाहिलं, जमतं. फक्त धागा ओढताना घाई करू नका. आणि हो, त्या बायका कामाची पारख करताना कापड उलटं करून बघतात. पाठीमागे गाठी आणि लोंबते दोरे नकोत.

1987 साली इस्रायली ताब्याविरुद्ध लोकांचा उठाव सुरू झाला. झेंडा फडकवायला बंदी होती. तेव्हा बायकांनी झेंड्याचे चार रंग, देशाचा नकाशा, कबुतरं थोबवर भरली. भिंतीवरचा झेंडा उतरवता येतो, अंगावरचा कसा उतरवणार!

बेथलेहेमचं पोट यात्रेकरूंवर आहे. यात्रा थांबली की सुताराचं, हॉटेलवाल्याचं आणि भरणाऱ्या बाईचंही काम थांबतं. 2020 च्या मार्चमध्ये वेस्ट बँकेतले कोरोनाचे पहिले रुग्ण बेथलेहेम भागातच सापडले आणि गाव बंद झालं. म्हणजे आमच्या पुढ्यात चांदण्यांचा ढीग होता, त्या डिसेंबरात त्यांच्या गल्ल्याही ओस होत्या. नंतर गाझाच्या युद्धामुळे 2023 आणि 2024 ला तिथल्या चौकातलं मोठं झाडही उभारलं नाही. 2025 ला ते पुन्हा उजळलं.

आता आमच्या ढिगाचं. शेवटी ठरलं, विकत नाहीत तर देऊ. 24 डिसेंबरला मास्क लावून दोघी-दोघी निघालो. आशाताईला दिली, अंगणवाडीताईला दिली, टाळेबंदीत उधारी देणाऱ्या किराणावाल्याला दिली. ज्या घरांत त्या वर्षी माणूस गेलं होतं तिथे जाऊन दिली, मग ते घर ख्रिस्ती असो नसो. एका वहिनींनी ती चांदणी हातात घेतली, उलटी करून पाठची बाजू पाहिली आणि म्हणाल्या, "स्वच्छ काढलीय." नवरा गेल्यापासून त्या कुणाशी बोलत नव्हत्या. जानेवारीच्या बैठकीला त्या आल्या. सुई घेऊन आल्या होत्या.

पण त्या जानेवारीत आम्ही हिशेबही मांडला, आणि तो ऐकाच. एका चांदणीत 300 च्या आसपास फुल्या. सराईत हाताला अडीच तास, कापूस भरून शिवायला अर्धा. आमचा दर होता 45 रुपये, त्यात सामान 12 रुपयांचं. राहिले 33, म्हणजे तासाला 11 रुपये. आठ तास बसलं तर 88. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 238 रुपये होती. माल परत आला म्हणून आम्ही रडलो, पण विकला गेला असता तरी तोट्यातच होतो. दोऱ्याची लडी मोजली आणि स्वतःचे तास मोजलेच नव्हते.

आता आम्ही वहीत तास लिहितो आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कापड कापत नाही. एका गिऱ्हाइकाने त्यावरून ऑर्डर फिरवली. दुसरं मिळायला दोन महिने लागले. तरी दर उतरवला नाही. आणि दर डिसेंबरात दहा-पंधरा चांदण्या वाटायच्या म्हणून वेगळ्या काढतो, त्यांचा दोरा गटाच्या खात्यातून.

चांदणीचा घरं मोजलेला नमुना हवा असेल तर पुढच्या बैठकीला हातभर दुसुती घेऊन या. लाल दोरा आमच्याकडे आहे.